पाटीवरून पुसलेली भाषा

अमेरिकेच्या दक्षिण टोकाला, मिसिसिपी नदी जेथे समुद्राला मिळते तेथे लुईझियाना नावाचे राज्य आहे. या राज्याच्या दक्षिण भागातील खेड्यांत आज ज्यांनी वयाची ऐंशी ओलांडली आहे, अशा कित्येक आजी-आजोबांच्या शाळेच्या आठवणींत एक ओळ खोल रुतून बसलेली आहे. ‘मी शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही’, ही ती ओळ. शाळेत चुकून घरची बोली तोंडातून गेली, की ही ओळ शंभर-दोनशे वेळा लिहून आणावयाची. क्वचित तांदळाच्या वा मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकून बसावयाचे. यांतील बहुसंख्य मुले शाळेची पायरी चढेपर्यंत इंग्रजीचे अक्षरही जाणत नव्हती. जी ओळ पुनःपुन्हा लिहावी लागे तिचा अर्थसुद्धा त्यांना पुढे केव्हा तरी उमगला. लघुशंकेला जाण्याची परवानगी कोणत्या शब्दांत मागावी हे न कळल्यामुळे भर वर्गात कपडे ओले झाल्याची लाज त्यांतील अनेकांनी म्हातारपणापर्यंत मनात बाळगली.

या मुलांनी मोठेपणी एक निश्चय केला. आपल्या वाट्याला जे आले ते आपल्या लेकरांच्या वाट्याला येऊ द्यावयाचे नाही. म्हणून ती आपल्या मुलांशी इंग्रजीत बोलू लागली. फ्रेंच उरली ती मोठ्यांच्या आपसातील कुजबुजीपुरती, मुलांना कळू नये अशा गोष्टींपुरती. अवघ्या एका पिढीत घराची भाषा घरातूनच बाहेर पडली.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या मराठी घर चालविणाऱ्या आमच्या वाचकांना ही कथा फार दूरची वाटणार नाही, असा आमचा विश्वास आहे. ती भाषा वाचविण्यासाठी तेथील लोकांनी १९६८ साली एक संस्था उभी केली. तिचे नाव ‘कौन्सिल फॉर द डेव्हलपमेंट ऑफ फ्रेंच इन लुईझियाना’. आद्याक्षरांवरून सर्वजण तिला ‘कोडोफिल’ म्हणतात. या संस्थेचा आणि तिच्या धुरीणांचा इतिहास, त्यांच्या चुकांसकट, येथे सांगावयाचा आहे.

देशोधडीला लागलेले लोक

आरंभ मात्र लुईझियानात नव्हे, तर तेथून हजारो मैल उत्तरेला करावा लागतो. आज ज्याला कॅनडाचा नोव्हा स्कोशिया प्रांत म्हणतात, तेथे १६०५ साली फ्रेंचांनी पोर्ट रॉयल ही वसाहत वसविली. त्या मुलखाला ते ‘अकेडिया’ म्हणत. समुद्राच्या भरतीला बांध घालून, खाऱ्या दलदलीतून सुपीक शेते काढणारे हे कष्टाळू शेतकरी होते. १७१३ च्या उत्रेख्तच्या तहाने तो मुलूख इंग्रजांकडे गेला. मालक बदलले, तरी शेतकरी तेथेच राहिले. फ्रान्सविरुद्ध शस्त्र धरावे लागेल अशी शपथ घेण्यास मात्र त्यांनी नकार दिला. आम्ही कोणाच्याच बाजूने लढणार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

२८ जुलै १७५५ रोजी हॅलिफॅक्स येथे चार्ल्स लॉरेन्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या मंडळाने या साऱ्या लोकांना मुलखातून हुसकावून लावण्याचा निर्णय घेतला. ५ सप्टेंबरला ग्रां-प्रे गावच्या चर्चमध्ये पुरुषांना बोलावून हुकूम वाचून दाखविण्यात आला. घरे, जमिनी, गुरेढोरे सरकारजमा झाली. माणसे जहाजांत भरून अटलांटिकच्या किनाऱ्याने दूरदूरच्या वसाहतींत टाकून देण्यात आली. १७६३ पर्यंत चाललेल्या या हकालपट्टीत दहा हजारांहून अधिक लोक बेघर झाले आणि रोगराईने, जहाजे बुडून, उपासमारीने त्यांतील हजारो दगावले. काळाचे भान यावे म्हणून सांगावयाचे तर, त्याच १७५५ साली पुण्यात नानासाहेब पेशवे गादीवर होते आणि कोकणात इंग्रजांच्या आरमाराने तुळाजी आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग घेतला होता.

या निर्वासितांपैकी काही १७६४-६५ च्या सुमारास लुईझियानात येऊन पोहोचले. जोसेफ ब्रूसार, ज्याला त्याचे लोक ‘बोसोलेय’ म्हणत, त्याने सुमारे दोनशे जणांचा जथा तेथे आणला. पुढे १७८५ साली फ्रान्समध्ये अडकून पडलेले आणखी सुमारे सोळाशे अकेडियन सात जहाजांतून आले. नदीनाल्यांच्या, संथ पाण्याच्या त्या दलदलीच्या प्रदेशात, ज्या पाण्याला तेथे ‘बायू’ म्हणतात, त्यांनी पुन्हा शेते काढली, मासे धरले, गुरे पाळली. ‘अकादियँ’ या शब्दाचा उच्चार झिजत झिजत ‘कादियँ’ आणि इंग्रजांच्या तोंडी ‘केजन’ असा झाला. १८०३ मध्ये फ्रान्सने लुईझियाना अमेरिकेला विकून टाकले; परंतु बायूकाठच्या घरांत त्यानंतरही शंभरावर वर्षे फ्रेंचच बोलली जात होती.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. लुईझियानातील फ्रेंच ही केवळ या केजन लोकांचीच भाषा नव्हती. गुलामगिरीतून आलेल्या आफ्रिकी लोकांनी घडविलेली क्रिओल बोली, कृष्णवर्णी व मिश्रवंशी क्रिओल कुटुंबांतील फ्रेंच, हूमा आणि पॉइंट-ओ-शिएन या मूलनिवासी जमातींची फ्रेंच असे तिचे अनेक पदर होते. पुढे संस्थेच्या वाटचालीत हेच पदर फार महत्त्वाचे ठरावयाचे होते.

१९२१ चे कलम

१९१६ साली राज्यात शालेय शिक्षण सक्तीचे झाले आणि १९२१ च्या राज्यघटनेने सरकारी शाळांतील शिक्षणाचे माध्यम फक्त इंग्रजी राहील असे ठरविले. घटनेत शिक्षेचा उल्लेख नव्हता. शिक्षा शिक्षकांनी आपल्या हाताने जोडल्या. दुःखाची गोष्ट अशी की, त्या शिक्षकांतील कित्येकजण स्वतः केजन घरांतीलच होते. मुलांचे भले इंग्रजीतच आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

त्याच सुमारास तेलाच्या विहिरी निघाल्या, पक्के रस्ते झाले, आकाशवाणी आली. तेलकंपन्यांतील मुकादम इंग्रजी बोलत. ‘केजन’ हा शब्द गावंढळ, अडाणी या अर्थाने शिवीसारखा वापरला जाऊ लागला. दुसऱ्या महायुद्धात मात्र एक उलटा अनुभव आला. फ्रान्सच्या भूमीवर उतरलेल्या अमेरिकी सैन्यात केजन तरुण दुभाषे म्हणून कामास आले. ज्या बोलीसाठी शाळेत गुडघे टेकावे लागले, तिच्यामुळे सेनाधिकारी त्यांना जवळ बोलावून घेऊ लागले. युद्धावरून परतलेल्या या तरुणांच्या मनात पडलेली ठिणगी विझली नाही. पण ती पेटावयास आणखी वीस वर्षे जावी लागली.

मधल्या काळात काही प्रयत्न झाले नाहीत असे नाही. डडली लेब्लां नावाचे एक राजकारणी गृहस्थ फ्रेंच भाषेत प्रचारसभा गाजवीत. त्यांनी १९२७ मध्ये अकेडियन लोकांच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला आणि १९३० साली तरुणींचे एक पथक घेऊन ते ग्रां-प्रेच्या यात्रेला गेले. पूर्वजांची आठवण जागी झाली, वेशभूषा झाल्या, छायाचित्रे निघाली. परंतु घराघरांत मुलांशी फ्रेंच बोलण्याचे थांबले होते, ते काही त्यामुळे पुन्हा सुरू झाले नाही. उत्सवाने अभिमान वाढतो, पण रोजच्या व्यवहारातील भाषा निराळ्या कष्टांनी टिकते, हे मराठी मंडळांच्या कार्यकर्त्यांना आम्ही सांगावयास नकोच.

डोमेंजो आणि त्यांचा हट्ट

जेम्स डोमेंजो हे लाफायेत शहरातील नामांकित वकील. त्यांचा जन्म १९०७ चा. १९४० च्या दशकात ते अमेरिकी लोकसभेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, आपल्या भागाचे प्रतिनिधी होते. गावात सारे त्यांना ‘जिमी’ म्हणत. साठीला आलेल्या या गृहस्थांनी वकिली बाजूला सारली आणि फ्रेंचच्या कामाला वाहून घेतले. १९६८ साली राज्याच्या विधिमंडळाने एकमुखाने कायदा करून कोडोफिलची स्थापना केली. राज्यातील फ्रेंच भाषेचा विकास, वापर आणि जतन यांसाठी जे जे करणे आवश्यक ते ते करावे, असा व्यापक अधिकार या कायद्याने संस्थेस दिला. डोमेंजो तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि १९८८ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सलग वीस वर्षे, त्या पदावर राहिले.

त्यांचा विचार सरळ होता. फ्रेंच शाळेने मारली. तेव्हा शाळेनेच ती जगविली पाहिजे. परंतु फ्रेंच शिकविणार कोण? तिला शाळेतून हद्दपार करून पन्नास वर्षे होत आली होती. बोलणारे लाखो होते. १९७० च्या जनगणनेत सुमारे ५ लाख ७० हजार लोकांनी आपली मातृभाषा फ्रेंच नोंदविली होती. पण त्या भाषेत लिहू-वाचू शकणारे थोडे, आणि शिक्षक म्हणून पात्र ठरणारे तर अगदी हातावर मोजण्याइतके. डोमेंजो पॅरिसला गेले आणि त्यांनी थेट राष्ट्राध्यक्ष पाँपिदू यांच्यापुढे गाऱ्हाणे मांडले. तुम्ही मदत केली नाहीत तर लुईझियानातील फ्रेंच संपलीच म्हणून समजा, अशा अर्थाचे त्यांचे रोखठोक बोलणे आजही तेथे कौतुकाने सांगितले जाते. फ्रान्स, बेल्जियम आणि कॅनडाचा क्वेबेक प्रांत येथून तरुण शिक्षकांच्या तुकड्या येऊ लागल्या. राज्याने शाळांतून फ्रेंच शिकविण्याची सोय केली. १९७४ च्या नव्या राज्यघटनेत तर आपापले भाषिक व सांस्कृतिक मूळ जपण्याचा लोकांचा हक्क मान्य करण्यात आला. १९२१ मध्ये घटनेनेच जे काढून घेतले होते, ते ५३ वर्षांनी घटनेनेच निदान तत्त्वतः परत केले.

डोमेंजो यांच्या कर्तृत्वाविषयी दुमत नाही. त्यांच्याइतका हट्टी, ओळखीपाळखीचा आणि दारोदार जाऊन मागण्यात संकोच न करणारा माणूस नसता, तर ही संस्था कागदावरच राहिली असती. पण याच हट्टाची दुसरी बाजूही लवकरच दिसू लागली.

आजीचा शब्द चूक कसा?

परदेशाहून आलेले शिक्षक आपापल्या देशाची प्रमाण फ्रेंच शिकवीत. केजन घरात मोटारीला ‘शार’ म्हणतात. शिक्षक सांगत, ‘व्हातुर’ म्हणा. घरात कोळंबीला ‘शेव्हरेत’ म्हणत, पुस्तकात ‘क्रेव्हेत’. ‘आत्ता’ या अर्थाचा घरचा शब्द ‘आस्तर’. तो तर पुस्तकात सापडतच नसे. वास्तविक यांतील कितीएक शब्द सतराव्या शतकातील जुन्या फ्रेंचमधून आलेले, म्हणजे घराण्यातील जुन्या दागिन्यांसारखे होते. मूल शाळेतून नवा शब्द घेऊन घरी येई आणि आजीशी बोलू लागे; आजीला तो कळत नसे. आजी आपला शब्द सांगे. मूल म्हणे, बाईंनी हा चूक आहे असे सांगितले आहे. एकदा इंग्रजीसाठी जिची जीभ कापली गेली होती, त्या आजीला आता फ्रेंचसाठीही गप्प बसावे लागले.

जेम्स डॉनल्ड फॉक नावाच्या एका शिक्षकाने यावर आपला उपाय शोधला. १९७७ साली त्याने केजन बोलीचे एक पाठ्यपुस्तक काढले. त्यात शब्द फ्रेंच शुद्धलेखनाने नव्हे, तर इंग्रजी वाचणाऱ्याला उच्चारता यावेत अशा रीतीने लिहिले होते. डोमेंजो यांनी या पुस्तकास कडाडून विरोध केला. अशा लेखनाने आपण जगभरच्या फ्रेंच वाचकांपासून तुटू, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्य नव्हते असे नाही. पण ज्या तडफेने ते बोलले, त्यामुळे आपली बोली साहेबांच्या दृष्टीने हलकीच, अशी अनेक साध्या माणसांची भावना झाली. अध्यक्षांनाच आमची लाज वाटते काय, असा प्रश्न लोक विचारू लागले.

आमच्या घरांतही हा प्रसंग अनोळखी नाही. इंदूरच्या, बडोद्याच्या वा तंजावरच्या मराठीत काही शब्द, काही हेल असे आहेत की पुण्यामुंबईचा पाहुणा ते ऐकून गालात हसतो. तो हसतो आणि पुढच्या वेळी आमची मुलगी तो शब्द उच्चारीत नाही. प्रमाणभाषेचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही; हे मासिक प्रमाण मराठीतच निघते. परंतु घरातल्या शब्दावर चुकीची फुली मारून प्रमाणभाषा शिकविली, तर ती मुलाच्या कानात शिरली तरी जिभेवर नांदत नाही, हा धडा लुईझियानाने फार मोठी किंमत मोजून घेतला आहे.

पावसातली मैफल

या गाठीची एक गाठ सुटली ती व्याकरणाच्या वर्गात नव्हे, तर गाण्याच्या मैफलीत. व्हायोलिन आणि अ‍ॅकॉर्डियन यांवर वाजविले जाणारे केजन संगीत हे शेतघरांतले, शनिवारच्या नाचांचे. सुशिक्षित मंडळी ते ऐकून कान झाकीत. ड्युई बाल्फा नावाचा एक साधा व्हायोलिनवादक १९६४ साली न्यूपोर्टच्या प्रसिद्ध लोकसंगीत महोत्सवात गेला. गावातील शहाण्यांनी त्याची थट्टाच केली होती. तेथे हजारो श्रोत्यांनी उभे राहून टाळ्यांचा जो कडकडाट केला, तो घेऊन बाल्फा परत आला आणि आपल्याच लोकांच्या दारात हा मान मिळाला पाहिजे, असे म्हणू लागला.

डोमेंजो प्रथम या संगीताच्या बाबतीत साशंक होते. पण बॅरी आंसेले हा तरुण लोकसाहित्याचा अभ्यासक आणि त्याचे सहकारी मागे लागले. अखेर २६ मार्च १९७४ रोजी लाफायेतच्या ब्लॅकहॅम कोलिझियममध्ये कोडोफिलच्या पुढाकाराने केजन संगीताचा गौरवसोहळा झाला. त्या रात्री मुसळधार पाऊस होता, आणि तरीही सभागृह ओसंडून गेले. बाल्फा बंधू वाजवून गेले, त्याच मंचावर क्लिफ्टन शेनिए हा कृष्णवर्णी क्रिओल कलावंतही वाजवून गेला. तिकीट-पार्टीचे नव्हे, तर आपल्या बापजाद्यांचे गाणे शहराच्या सर्वांत मोठ्या सभागृहात वाजताना पाहून म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. पुढे त्यातूनच दरसालचा मोठा महोत्सव उभा राहिला. ज्या तरुणांनी शाळेत फ्रेंच नाकारली होती, ते गाण्याच्या वाटेने तिच्याकडे परत आले. आंसेले यांच्यासारख्यांनी त्या बोलीत कविता लिहिल्या आणि १९८० मध्ये ‘क्री सुर ल बायू’ हा लुईझियानातील फ्रेंच कवितांचा संग्रह प्रसिद्ध झाला.

डोमेंजो यांनी आपले मत बदलले, हे त्यांच्या मोठेपणाचे आम्ही मानतो. ज्या गोष्टीविषयी आपल्याला संकोच वाटतो, तिलाच आपल्या संस्थेच्या व्यासपीठावर स्थान देणे हे कोणत्याही अध्यक्षाला सोपे नसते.

एका मुलाचा प्रश्न

१९९४ साली संस्थेची सूत्रे वॉरेन पेरिन या वकिलांकडे आली. ती २०१० पर्यंत त्यांच्याकडे होती. पेरिन हे इराथ या लहानशा गावचे. आपल्या मुलाला रात्री अकेडियन लोकांच्या हकालपट्टीची गोष्ट ते सांगत असता, त्या लोकांनी असा काय गुन्हा केला होता, असे त्या चिमुरड्याने विचारले, अशी हकीकत ते सांगतात. वकील बापाला उत्तर देता येईना. कारण १७५५ चा हुकूम कधीही रद्द झाला नव्हता. कागदोपत्री त्यांचे पूर्वज अद्याप गुन्हेगारच होते.

१९९० मध्ये, म्हणजे अध्यक्ष होण्यापूर्वीच, पेरिन यांनी ब्रिटिश सरकार आणि राणी यांच्याकडे एक विनंतीअर्ज पाठविला. त्यांनी पैसा मागितला नाही. झाले ते अन्यायाचे होते एवढी कबुली द्यावी आणि हद्दपारी संपल्याचे जाहीर करावे, एवढीच मागणी. अनेकांनी हा वेडेपणा ठरविला. तेरा वर्षे पत्रव्यवहार चालला. कॅनडातील अकेडियन संस्थांनीही हीच मागणी उचलून धरली. ९ डिसेंबर २००३ रोजी कॅनडाच्या गव्हर्नर जनरल एड्रियेन क्लार्कसन यांनी राणीच्या वतीने घोषणापत्रावर सही केली. त्यात हकालपट्टीची आणि तिच्या भयंकर परिणामांची कबुली होती, आणि २८ जुलै हा दिवस दरवर्षी स्मरणदिन म्हणून पाळण्याचे ठरले. क्षमायाचना त्यात नव्हती, भरपाईही नव्हती. पण मुलाच्या प्रश्नाला बापाकडे आता लेखी उत्तर होते.

भिंती नसलेली शाळा नव्हे, भिंतींतली भाषा

दरम्यान शिकविण्याच्या पद्धतीतही मोठा बदल झाला. दिवसातून अर्धा तास परकी भाषा म्हणून फ्रेंच शिकवून मूल बोलावयास लागत नाही, हे दहा-पंधरा वर्षांच्या अनुभवाने दिसून आले होते. म्हणून १९८० च्या दशकापासून क्वेबेकच्या धर्तीवर नवे वर्ग निघाले. त्यांत गणित, विज्ञान, इतिहास हे विषयच फ्रेंचमधून शिकविले जातात. मूल भाषा ‘शिकत’ नाही, ते त्या भाषेत राहते. आज राज्यातील तीसएक शाळांत सुमारे पाच हजार मुले अशा वर्गांत शिकतात. मोठ्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात शिष्यवृत्त्या देऊन नोव्हा स्कोशियातील सेंट-अ‍ॅन विद्यापीठात पाठविण्यात येते. ज्या किनाऱ्यावरून पूर्वजांना हाकलले, त्याच किनाऱ्यावर ही मुले पाच आठवडे राहतात. आणि तेथील नियम असा की तेवढे दिवस इंग्रजी बोलावयाचे नाही! शाळेच्या आवारातील ती जुनी ओळ अशी उलटी झाली आहे. फरक एवढाच, की येथे मुले स्वखुशीने सही करून येतात.

मागे वळून पाहता संस्थेची वाट कधीच सपाट नव्हती. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेचे जे व्हावयाचे ते तिचेही झाले. २०१२ साली राज्याचे तत्कालीन गव्हर्नर बॉबी जिंदल यांनी, जे भारतीय वंशाचे, संस्थेच्या अनुदानातून १ लाख डॉलर छाटले, तेव्हा मोठी ओरड झाली. २०१८ मध्ये मात्र एरेव्हान येथील परिषदेत लुईझियानाला जगभरच्या फ्रेंचभाषक देशांच्या संघटनेत निरीक्षक म्हणून स्थान मिळाले. त्याच वर्षी कार्यकारी संचालकपदी पेगी फीहान आल्या. त्या मूळच्या कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या, म्हणजे जुन्या अकेडियाच्या परिसरातल्याच. अडीचशे वर्षांपूर्वी तुटलेला धागा अशा रीतीने एका बाईंच्या हातून पुन्हा जोडला गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

आणखी एक जुना आक्षेप होता. संस्थेने गोऱ्या केजन समाजाकडे जेवढे लक्ष दिले, तेवढे क्रिओल आणि मूलनिवासी फ्रेंचभाषकांकडे दिले नाही, असे ते म्हणणे. ही उणीव भरून निघू लागली ती अलीकडे. पॉइंट-ओ-शिएन या समुद्राकाठच्या वस्तीतील प्राथमिक शाळा २०२१ मध्ये बंद करण्यात आली, आणि थोड्याच महिन्यांत तो किनारा चक्रीवादळाने उद्ध्वस्त केला. ज्या मूलनिवासी मुलांना एके काळी गोऱ्यांच्या शाळेत प्रवेशही नव्हता, त्यांच्या नातवंडांची ही शाळा. पालक स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी विधिमंडळाचे दार ठोठावले. २०२२ मध्ये कायदा झाला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तेथे फ्रेंच माध्यमाची नवी सरकारी शाळा सुरू झाली. समुद्र दरवर्षी जमीन गिळतो आहे, आणि अशा जागी लोकांनी घराआधी शाळा मागितली.

हिशेब

मग कोडोफिल यशस्वी झाली काय? आकडे पाहिले तर उत्तर कठोर आहे. १९७० मध्ये पावणेसहा लाखांच्या घरात असलेली फ्रेंचभाषकांची संख्या आता लाखाच्या आसपास, किंबहुना त्याहूनही खाली आली आहे. दर वर्षी जितकी मुले नव्या वर्गांतून बाहेर पडतात, त्याहून अधिक आजी-आजोबा काळाच्या पडद्याआड जातात. शाळेने जे पुसले ते शाळा संपूर्णपणे पुन्हा गिरवू शकली नाही, कारण मधल्या पिढीच्या घरात ती भाषा नव्हती. मुले फ्रेंच शिकून घरी येतात तेव्हा आई-बाप इंग्रजीत उत्तर देतात. डोमेंजो यांच्या सूत्रात एवढी एक गोष्ट राहून गेली होती. शाळा मुलाला भाषा देऊ शकते. ती बोलावयास कोणी देणे हे घराचे काम आहे.

तरीही आम्ही या संस्थेला अपयशी म्हणणार नाही. १९६८ पूर्वी जी भाषा लाज म्हणून लपविली जात होती, ती आज तेथील माणूस छाती पुढे करून बोलतो, आणि ज्याला येत नाही तो येत नसल्याची खंत बोलून दाखवितो. लाज भाषेपासून सुटली आणि न बोलण्याला चिकटली. पन्नास-पंचावन्न वर्षांच्या संस्थेच्या हातून हे घडले, हे थोडे नव्हे.

आमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरात सात-आठ वर्षांचे मूल असेल आणि शेजारच्या खोलीत आजी असेल, तर त्यांचे भाग्य मोठे. लुईझियानातील कित्येक घरांत आता पैसे खर्चून, शिक्षक आणून, जहाजाविमानाने परदेशी पाठवून जे मिळवावे लागते, ते त्या खोलीत फुकट आहे. मूल आजीला काही विचारावयास आले आणि आजीने आपल्या हेलात उत्तर दिले, तर मधे पडून ते दुरुस्त करण्याची घाई आम्ही करू नये.